घरच्या माणसांपुरता टेलिफोन

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा आमच्या घरी टेलिफोन नव्हता. तो माझ्या मागून वर्षभरानं आला. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, शेजारणींना सांगायच्या, "आधी सून आली, मग यंत्र आलं. दोघांनाही अजून धड बोलता येत नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात कानडी, शाळेत चार यत्ता मराठी. सासरी दोन्ही भाषा चालत, पण दुकानात मराठी आणि समोरच्या गल्लीत तेलुगू. पहिले काही महिने मी नुसती ऐकतच होते.

मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सुताचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. मुंबईहून सुताचे गठ्ठे यायचे आणि आसपासचे विणकर ते घेऊन जायचे. आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग. सकाळी डोळा उघडायचा तो धोट्याच्या खटखटीनं आणि ती थांबली की कळायचं, जेवणवेळ झाली. हे विणकर पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरातच राहिलेले, पण घरात बोलायचे तेलुगू. मामंजींना त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यातल्या म्हाताऱ्यांना मराठी बेताचंच, तरी व्यवहार कधी अडला नाही.

टेलिफोन घेतला तो मुंबईचे भाव कळावेत म्हणून. कंपनी मोठी होती. साऱ्या हिंदुस्थानात तिच्या तारा, असं लोक अभिमानानं सांगत, जसे काही त्या तारा त्यांनीच ओढल्या होत्या. आमच्या दारात खांब रोवला त्या दिवशी गल्लीतली पोरं शाळेला गेली नाहीत. लाकडी पेटी, बाजूला फिरवायची दांडी, कानाला लावायचा रिसीव्हर. दुकान आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीवर ती पेटी बसवली. त्यामुळं दुकानातून हात घातला तरी ती मिळे आणि माजघराच्या दारात उभं राहिलं तरीही.

मी ते यंत्र हातात घ्यायचं काही कारण नव्हतं. पण मामंजी वसुलीला वैरागला नाहीतर मोहोळला गेलेले, माझे यजमान स्टेशनवर माल सोडवायला, दिवाणजी जेवायला, अशा एका दुपारी घंटा वाजायला लागली आणि थांबेचना. आत्याबाई देवघरातून ओरडल्या, "यव्वा, त्याला गप कर!" मी रिसीव्हर काढून कानाला लावला. आतून एका पुरुषाचा आवाज आला. मी पदर पुढं ओढला.

"मुंबईचा ट्रंक कॉल आहे. शेठजी आहेत?"

मी मान हलवली.

"हॅलो? आहेत का?"

मी पुन्हा मान हलवली. मग तो माणूस समजुतीनं म्हणाला, "बाई, मान हलवलेली इकडे दिसत नाही. पेटीच्या तोंडाशी येऊन बोला."

तो एक्स्चेंजमधला माणूस. तारा जोडून देणारा. त्यानंतर दिवसा बहुतेक वेळा तोच असे. त्याचा आवाज ओळखीचा झाला. त्याचं तोंड कसं असेल हे मी कधी मनात आणलं नाही. परपुरुषाचा विचार कशाला करायचा! पण कुणीतरी रोज नीट बोलतं, चुकलं तर हसत नाही, याचा मला आधार वाटे. नव्या सुनेशी त्या काळात असं बोलणारी माणसं थोडी असत.

टेलिफोन आमचा होता तो पहिले पंधरा-वीस दिवस. मग गल्लीचा झाला. कुणाची पार्सलं मालधक्क्यावर आली का विचारायचं, कुणाचा मुलगा गिरणीत होता, तिथं भांडण झालं म्हणे, त्याची चौकशी करायची, कुणाला डॉक्टर हवा. लोक दुकानाच्या पायरीपाशी चपला काढून उभे राहत. मामंजी हातातलं काम सोडून दांडी फिरवून देत. ते नसले की माजघराच्या दारातून मी.

समोरच्या घरची सून माझ्याच वयाची होती. उंच, सावळी, हसायची तर रस्त्यावर ऐकू जाई. नवऱ्याच्या बरोबरीनं मागावर बसे आणि लुगड्याचे काठ त्याच्याहून सुबक काढी, हे तिची सासूच सांगे. आम्ही दोघी दुपारी आपापल्या दारात बसून बोलायचो. मी तिला कानडी शब्द सांगे, ती मला तेलुगू. मराठी दोघींनाही परकंच, तरी शेवटी त्यातच येऊन मिळायचो. एकदा तिनं हट्ट धरला म्हणून मी दांडी फिरवून रिसीव्हर तिच्या कानाला लावला. "नंबर?" असा आवाज आला मात्र, तिनं किंचाळून रिसीव्हर सोडला आणि जमिनीवर बसून पोट धरून हसली. मी तो उचलून कानाला लावला. तिकडचा माणूसही हसत होता.

तिला दिवस गेले ते त्याच सुमाराला.

कंपनीचा इन्स्पेक्टर आला त्या दिवशी दुकानात एक धनगर होता. सांगोल्याकडचा. बाजाराला मेंढरं घेऊन आला होता. त्याचा भाऊ विहिरीचं काम करताना पडला होता आणि त्याला सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. मेंढरं सोडून जाता येईना म्हणून कुणीतरी त्याला आमचं दुकान दाखवलं. मामंजींनी दवाखाना जोडून घेतला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. घोंगडी सावरत तो त्या पेटीवर ओरडू लागला, "दादा, मी हाय की रं! कुटं लागलंय तुला? भाकर खातूस का न्हाय?"

पलीकडे दवाखान्याचा कारकून. त्यानं सांगितलं असावं की रोगी बरा आहे, पाय बांधलाय. धनगरानं रिसीव्हर दोन्ही हातांनी मामंजींना परत दिला आणि डोळे पुसले. "बरा हाय म्हनं. लई उपकार झालं, आण्णा."

पायरीवर कोट-टोपी घातलेला माणूस उभा राहून हे सगळं पाहत होता. तो आत आला.

"हे आपले कोण?"

"पाव्हणे," मामंजी म्हणाले.

"नातं काय?"

"दुकानात आले ते पाव्हणे. बसा, तुम्हीही बसा. चहा घ्या."

तो बसला नाही. कंपनीचा नियम त्यानं उभ्यानंच सांगितला. यंत्र ज्याच्या नावावर, त्यानं, त्याच्या घरच्या माणसांनी आणि नोकरांनीच ते वापरायचं. बाहेरच्यांना वापरू दिलं तर सेवा बंद होऊ शकते. शहरातून अशा तक्रारी कंपनीकडे आल्या आहेत, बाहेरची माणसं शेठजींच्या यंत्रावरून बोलतात, मग त्यांनी स्वतःचं यंत्र का घ्यावं?

मामंजी म्हणाले, "त्या धनगरानं यंत्र घ्यावं? भिंत तरी आहे का त्याला ते लावायला?"

"तो माझा प्रश्न नाही."

धनगर भेदरून कधीच बाहेर पडला होता. इन्स्पेक्टर ताकीद देऊन गेला. मामंजींनी त्यानंतर कुणाला पायरीवरून परत पाठवलं नाही. इन्स्पेक्टर आणखी एकदा आला आणि त्याला पुन्हा परका माणूस सापडला. मग कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. यजमानांनी ते वाचून सांगितलं. पुढचा हुकूम होईपर्यंत आमच्याकडे बाहेरून येणारे फोन येतील, पण आम्हाला कुठलाही नंबर जोडून मिळणार नाही.

यजमान चिडले. मामंजी म्हणाले, "असू दे. यंत्र नव्हतं तेव्हाही आपण सूत विकतच होतो."

आणि खरंच फार काही अडलं नाही. गल्लीतले लोक पायरीपाशी येत, कळलं की परत जात. वैशाख लागला. सोलापूरचा वैशाख म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

त्या दिवशी मामंजी मोहोळला गेले होते. यजमान मालधक्क्यावर. समोर सकाळपासून सुईण येऊन बसली होती हे मला माहीत होतं. मधूनमधून समोरच्या सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं. पहिलटकरीण, वेळ लागणारच, असं आत्याबाई म्हणत होत्या. जेवणं झाल्यावर तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं. आम्ही दोघी उठून दारात आलो. आत्याबाईंनी हात जोडले. पण समोरून कुणी साखर घेऊन आलं नाही. बराच वेळ कुणीच आलं नाही. मग तिची सासू धावत रस्ता ओलांडून आली. हात कोपरापर्यंत लाल. ती आधी तेलुगूत बोलली, मग मराठीत.

"रगत थांबत नाही. सुईण म्हणते डॉक्टरीण पायजे. डब्ब्यात बोल, अम्मा, डब्ब्यात बोल."

बायकांचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं टेलिफोन होता, आणि डॉक्टरीणबाईंची स्वतःची घोडागाडी होती. मला हुकूम ठाऊक होता. तरी मी धावत जाऊन दांडी फिरवली.

"नंबर?" त्याचाच आवाज. मला इतका धीर आला की मी एका दमात सगळं सांगितलं. समोरची बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही, बायकांचा दवाखाना द्या.

तो म्हणाला, "बाई, तुमच्या नंबरला जोडून द्यायचं नाही असा हुकूम आहे."

"मला माहीत आहे. पण बाई मरते आहे हो."

"थांबा. साहेबांना विचारतो."

मी थांबले. रिसीव्हरमधून नुसती घूं घूं ऐकू येत होती. तिची सासू माझ्या तोंडाकडे पाहत उभी. तिच्या हातावरचं रक्त सुकायला लागलं होतं. कुठून तरी लांबून त्याचे शब्द येत होते, दुसऱ्या कुणाचे तरी येत होते, पण नीट ऐकू येत नव्हतं. मग तो परत आला.

"बाई, साहेब म्हणतात हुकूम वरून आलेला आहे. त्यांना बदलता येत नाही. लेखी अर्ज द्या म्हणतात."

"अर्ज?"

तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही माणूस पाठवा, बाई. वेळ घालवू नका." आणि आवाज बंद झाला.

तोवर आत्याबाईंनी दुकानातल्या हमालाला दवाखान्याकडे पिटाळलं होतं. त्या उन्हात चौकात टांगा नव्हता. तो निम्म्या रस्त्यापर्यंत पळत गेला, तिथं त्याला एक टांगा मिळाला. मी समोर गेले. आत मागाशेजारी तिला निजवलं होतं. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं. तिनं मला ओळखलं. मी तिचा हात धरला, तर तो ओल्या फडक्यासारखा गार. तिनं तेलुगूत काहीतरी विचारलं. तिच्या सासूनं सांगितलं, "मुलगी, मुलगी आहे," तेव्हा मला कळलं काय विचारलं ते.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ती जिवंत होती. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं, पाणी मागितलं, दिवा मागितला. पण गिरणीचा भोंगा झाला आणि लोक घरी परतू लागले, तेव्हा त्या घरातून रडणं उठलं.

हात धुवायला त्या आमच्याकडे आल्या. मी पाणी घालत होते. त्यांची नजर वर खांबावरून आमच्या भिंतीत शिरलेल्या तारेवर गेली.

"तुमच्याकडे टेलिफोन आहे ना? मग केला का नाही?"

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. हात पुसायचे विसरल्या. पुढं काही महिन्यांनी मी धीर करून त्यांना विचारलं होतं, फोन लागला असता तर ती वाचली असती का. त्या खरं बोलणाऱ्या बाई होत्या. म्हणाल्या, "वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण मला काहीतरी करायला वेळ मिळाला असता." त्या उत्तरावर मी अजून अडलेली आहे.

मामंजी मोहोळहून आले तेव्हा समोर तिरडी बांधत होते. त्यांनी घरात पाय न टाकता तिकडंच वाट धरली. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगपूजा झाल्यावर त्यांनी पांढरा फेटा बांधला आणि यजमानांना घेऊन कंपनीच्या कचेरीत गेले.

तिथं काय झालं ते यजमानांनी सांगितलं. साहेब गोरा नव्हता, आपल्याच देशातला होता, फार मराठी न बोलणारा, पण समजणारा. त्यानं त्यांना खुर्ची दिली नाही. मामंजींनी शांतपणे सगळी हकीकत सांगितली. त्यांची मागणी एवढीच होती, दुखणं आणि आग, या दोन गोष्टींना कुणालाही कुठूनही जोडून द्यावं, बाकी कंपनीचा नियम कंपनीपाशी.

साहेब म्हणाला, "झालं ते वाईट झालं. पण कंपनीची हजारो गिऱ्हाइकं आहेत. एकेकाची कहाणी ऐकून नियम चालत नाही."

मामंजी म्हणाले, "मी माझी कहाणी सांगायला आलो नाही. माझ्या घरी कुणी मेलं नाही."

"मग तर प्रश्नच नाही," साहेब म्हणाला. "मरणारी बाई आमची गिऱ्हाईक नव्हती."

यजमान सांगत होते, मामंजींचा हात टेबलावर होता, तो त्यांनी हळूच काढून घेतला. नमस्कार करून बाहेर आले.

शहरात ज्यांच्याकडे यंत्रं होती अशांना त्यांनी आमच्या दुकानात बोलावलं. अडते होते, एक तेलाच्या घाण्याचे मालक होते, एक वैद्यकी करणारे डॉक्टर. मामंजी म्हणाले, सगळ्यांनी मिळून यंत्रं परत देऊ, मग कंपनी ऐकेल. मी माजघरात उभी होते. एक अडते म्हणाले, "आण्णा, गोष्ट खरी आहे. पण आम्ही यंत्र सोडलं आणि शेजारच्यानं ठेवलं, तर भाव त्याला आधी कळणार." दुसरे म्हणाले, "विणकराच्या बाईसाठी सगळ्या पेठेनं व्यापार सोडायचा?" डॉक्टर एकटेच तयार झाले. पण मामंजींनीच त्यांना थांबवलं. "तुमचं यंत्र गेलं तर लोकांचंच नुकसान. तुम्ही राहू द्या."

मग त्यांनी एकट्यानंच परत दिलं. कंपनीचा मिस्त्री येऊन पेटी काढून घेऊन गेला. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. आत्याबाईंनी तिथं देवाची तसबीर लावू का म्हणून विचारलं, मामंजी नको म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी एक तरुण माणूस सायकलवरून आमच्या दारी आला. दुपारची वेळ, मी धान्य निवडत होते. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि कुणाला हाक मारावी हे न कळून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "बाई..."

मी सूप खाली ठेवलं. एवढ्या एका शब्दानं मला कळलं तो कोण ते. बारीक चणीचा, चेहऱ्यावर देवीचे वण, वयानं माझ्या यजमानांहून लहानच.

मामंजी दुकानातच होते. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. तो पायरीवरच बसला. खाली पाहून बोलत राहिला. "साहेब आत होते. समोर बोर्डावर मी एकटाच होतो. मी जोडणीचा दोर लावला असता तर त्यांना दिसलंही नसतं. मी विचारायला गेलो, तिथंच चुकलो. विचारल्यावर ते नाहीच म्हणणार होते. मला ठाऊक होतं." थोडं थांबून म्हणाला, "घरी आई आणि दोन बहिणी आहेत, माझ्यावरच आहेत. ते आठवलं त्या वेळी."

आत्याबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी पी. आणि हे आम्हाला सांगून काय उपयोग? समोर जा."

तो पाणी प्यायला आणि समोर गेला. मी दारातून पाहत होते. मेलेलीची सासू ओट्यावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. मांडीवर नात. तिचा मुलगा, त्या बाईचा नवरा, आत मागावर होता. खटखट थांबली. तो पोरगा उभ्यानं काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. नवरा बाहेर आला तेव्हा मला भीती वाटली. पण त्यानं ऐकून घेतलं, आत गेला, आणि पुन्हा धोटा सुरू झाला. म्हातारी मात्र त्या पोराला बराच वेळ काहीतरी विचारत होती. तो मान डोलवत होता.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. बाळ कडेवर. मामंजींच्या समोर ती कधी बसत नसे, त्या दिवशी बसली.

"शेट, डब्बा का दिला परत?"

मामंजी म्हणाले, "ज्या यंत्रानं तुमच्या सुनेला मदत केली नाही, ते मी घरात कसं ठेवू?"

"डब्ब्यानं काय केलं? माणसानं केलं." तिचं मराठी मोडकं होतं, पण त्या दिवशी ते अडखळलं नाही. "आता तिसऱ्या घरची पोर पोटुशी आहे. मागच्या गल्लीत दोघी आहेत. त्यांचा वेळ आला की मी कुठं पळू? मी त्या पोराला विचारलं, शेटनं परत मागितला तर देतात का. तो म्हणतो देतात."

"सही घेतील माझी. परक्याला बोलू देणार नाही म्हणून."

"करा सही."

"खोटी सही करू?"

ती बाळाला थोपटत राहिली. मग म्हणाली, "तुमचं खरं तुमच्यापाशी राहतं, शेट. माझा सून गेला."

मामंजींनी मान खाली घातली. मी त्यांना आयुष्यात पुष्कळ वेळा पाहिलं, तोट्यात, आजारात, पण असं मान घालून बसलेलं तेव्हाच. ती गेल्यावरही ते तसेच बसून होते. दिवाबत्ती झाली तरी हलले नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, "तिनं मागितलं. तिनं मागितल्यावर आपण कोण नाही म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी ते यजमानांना घेऊन पुन्हा कचेरीत गेले. या वेळी साहेबानं त्यांना बराच वेळ बाहेर बसवून ठेवलं. मग आत बोलावून कागद पुढं केला. मामंजींनी तो यजमानांकडून वाचून घेतला. घरची माणसं आणि नोकर यांच्याखेरीज कुणालाही वापरू देणार नाही. त्यांनी लेखणी घेतली आणि सही करायच्या आधी साहेबाकडे पाहून म्हणाले, "सही करतो. पण हे मी पाळणार नाही, ते तुमच्या तोंडावर सांगून करतो. नंतर म्हणू नका, फसवलं."

साहेबानं मामंजींकडे पाहिलं, मग खिडकीकडे. गेल्या वेळी ज्या मराठीत त्यानं एवढं तोडून बोलून दाखवलं होतं, त्याच मराठीत म्हणाला, "मला मराठी नीट समजत नाही." आणि कागद स्वतःकडे ओढून घेतला.

त्याच्या मनात काय होतं हे आम्हाला कधी कळलं नाही. पेटी परत आली. पुढं इन्स्पेक्टर बदलला. नवा यायचा, चहा प्यायचा, भाव विचारायचा, पायरीवर कोण उभं आहे ते पाहायचा नाही. काही वर्षांनी कंपनीचा नियमही सैल झाला म्हणतात, दुखण्यासाठी, आगीसाठी. ते आमच्यामुळं झालं असं मामंजी कधी म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. ठिकठिकाणी लोकांनी असं काही ना काही सोसलंच असेल.

एक्स्चेंजमधला तो तरुण आणखी वर्षभर होता. मी दांडी फिरवली की "नंबर?" विचारायच्या आधी थोडा थांबायचा. दवाखान्याचं नाव घेतलं की पुढं काही न विचारता जोडून द्यायचा. आम्ही कामापलीकडे कधी बोललो नाही. मग त्याची बदली झाली आणि दुसरा आवाज आला.

समोरची मुलगी आईसारखीच उंच निघाली. हसणं मात्र बेताचं. तिला कुणी काय सांगितलं, किती सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. ती परकर-पोलक्यातून साडीत आली त्या वर्षी एकदा कांड्यांची टोपली घेऊन आमच्याकडे आली. मामंजी तोवर गेले होते. दुकानात कुणी नव्हतं. ती माजघराच्या दारापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, त्या दिवशी आईसाठी डब्ब्यात तुम्ही बोललात ना? काय बोललात?"

मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. मी काय म्हटलं, तिकडून काय उत्तर आलं, मधे ती घूं घूं, तिच्या आजीचे हात. काही लपवलं नाही आणि काही जोडलंही नाही. तिच्या आईनं शेवटी काय विचारलं होतं, तेही सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "मुलगी झाली म्हटल्यावर काय म्हणाली?"

"काही म्हणाली नाही," मी म्हटलं. "तोंड तुझ्या बाजूला वळवलं."

ती टोपली उचलून रस्ता ओलांडून गेली, आणि थोड्या वेळानं समोरून कांड्या भरायच्या रहाटाचा आवाज येऊ लागला.